वहीत पुरं झालेलं स्तोत्र

सिस्टर, तुमच्या लाडकीनं तुमचं स्तोत्र पुरं केलं. गेल्या महिन्यात शिकागोत त्याचा कार्यक्रम झाला आणि मी तिसऱ्या रांगेत बसून तो ऐकला. शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी बसूनच होते, मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून. त्या पर्समध्ये माझी शाळेची वही होती आणि वहीत तुमचं स्तोत्र पहिल्या सुरापासून शेवटच्या ‘आमेन’पर्यंत लिहिलेलं आहे. ते अपुरं राहिलेलं नाही, हे साऱ्या जगात एकट्या मला माहीत आहे, आणि ते मी तिला सांगितलेलं नाही. वही तिला द्यावी की नाही हे ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तेही मराठीत. तुमच्यासमोर मराठी शब्द तोंडातून गेला की गळ्यात पाटी अडकवून व्हरांड्यात उभं करायचात. आता पन्नास वर्षं होत आली तुम्हाला जाऊन. करा बघू उभं.

आमचं ते रेल्वेचं गाव तुम्हाला आठवत असेल तर शाळेचं चॅपलही आठवेल, आणि चॅपलमधली पायपेटी. तुमचे गुडघे धरले तेव्हापासून तुम्ही वाजवायचात आणि मी शेजारच्या स्टुलावर तिरकी बसून खाली पाय मारायचे. मुली मला ‘भात्या’ म्हणायच्या. मी गार्डची मुलगी, ती रेल्वेच्या डॉक्टरांची. तिच्या घरी पियानो होता, आमच्या घरी पाहुणा आला की शेजारून खुर्ची आणावी लागे. तुम्ही तिला लंडनच्या संगीत परीक्षेला बसवलंत. परीक्षक मुंबईला यायचा, तिच्याबरोबर तुम्ही स्वतः गेलात. मी विचारलं, सिस्टर, मी? तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “तुझा कान तिच्याहून चांगला आहे. पण तू गेलीस तर पाय कोण मारणार?” तुम्हाला तो विनोद वाटला असेल. अर्धं वाक्य मी आयुष्यभर जपलं आणि उरलेल्या अर्ध्याला आयुष्यभर शिव्या घातल्या.

नकला करायचं कामही माझंच. तुम्ही पाच रेघांवर लिहायचात, आणि ज्यांना ते वाचता यायचं नाही त्या मुलींसाठी मी डो, रे, मी अशा अक्षरांत उतरवून द्यायचे. एकदा खालच्या आवाजाच्या ओळीत तुमचा हात चुकलाय असं मला वाटलं आणि मी ती सुधारली. तालमीत तुम्ही पेटी थांबवलीत. पस्तीस मुलींसमोर विचारलंत, “हे कोणाचं?” मी उभी राहिले. “मी तुला उतरवून घ्यायला सांगितलं होतं. शहाणपणा करायला नाही.” लाडकी फिदीफिदी हसली. तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या, लाल रिबिनी. कात्री हातात असती तर त्या मी तिथेच कापल्या असत्या.

ती पुढे लंडनला गेली, तिथून इथे आली. मीही लग्न करून इथे आले. ती विद्यापीठात आणि मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, तीस वर्षं इतरांचं रक्त काचपट्टीवर पसरत. तिचं काम काय, ते तुम्हाला समजावून सांगते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कोणी संगीतकार चर्चच्या उपासनेचा ‘मास’ अर्धवट टाकून मेला, कोणाच्या ऑपेराचा तिसरा अंक हरवला, कोणाच्या सिम्फनीचे दोनच भाग सापडले, की ही बाई युरोपातल्या ग्रंथालयांत जाऊन बसते. कागद उजेडासमोर धरते, शाईचा रंग बघते, खोडलेलं वाचते, आणि त्या माणसानं पुढे काय लिहिलं असतं ते स्वतः लिहिते. मग वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभी राहते आणि वाजवूनही घेते. बाईमाणूस, तेही आपल्याकडची, म्हणून पेपरवाल्यांना फार कौतुक. माझ्याकडे तिच्या कात्रणांचा एक जाडजूड फोल्डर आहे. सुनेला वाटतं मैत्रिणीचा अभिमान आहे म्हणून ठेवलाय. वाटू दे. मुलाखतीत ती म्हणते, “मी माझं काही घालत नाही. जे तिथे आहेच ते मी फक्त ऐकते.” वा! आमच्याकडे नळीत रक्त कमी आलं तर आम्ही ‘नमुना अपुरा’ असं लिहून परत पाठवायचो. ‘उरलेलं मला ऐकू आलं’ म्हणून भरलं असतं तर नोकरी गेली असती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. पण मेलेल्या माणसाच्या बिळावर बसलं की त्याला विद्वत्ता म्हणतात.

अकरा सप्टेंबरनंतरच्या वर्षी मी निवृत्त झाले. हे गेल्यावर नेपरव्हिलला मुलाकडे राहायला आले. गेल्या वर्षी तिची ईमेल आली, कुठून पत्ता मिळवला कोण जाणे. मठाच्या कपाटातून तिला तुमची पानं मिळाली होती. तुम्ही शेवटच्या वर्षी लिहीत होतात ते मारियेचं स्तोत्र, दोन भाग पूर्ण आणि तिसरा मध्येच तुटलेला. ‘सिस्टरचं ऋण आहे माझ्यावर. पुरं करतेय. नकला तू करायचीस, तुझ्याकडे एखादं पान उरलंय का?’ मी दोन शब्दांत उत्तर दिलं. काही नाही.

मग मार्चमध्ये बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि खोकी वर आणताना सुनेच्या हाताला वही लागली. सून नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये, कुठलीही गोष्ट अर्धी ठेवणं तिला सहन होत नाही.

“आई, हे त्याच सिस्टरचं ना? तुमची ती फ्रेंड शोधतेय ते?”

“असेल.”

“असेल काय! मी आत्ता स्कॅन करते, पाच मिनिटं लागतील. ईमेल करून टाका.”

“ओलं झालंय ते. वाळू दे.”

“आई, मार्चपासून वाळतंय,” असं ती जूनमध्ये म्हणाली. डिसेंबरातल्या कार्यक्रमाची तिकिटं तिनेच काढली, आणि निघताना वही माझ्या पर्समध्येही तिनेच घातली. “नाउ ऑर नेव्हर. हातात द्या आणि सुटा.” गाडीत नातू म्हणाला, “आजी, इज शी युवर बेस्ट फ्रेंड?” मी त्याला खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला.

कार्यक्रमाआधी तिनं अर्धा तास व्याख्यान दिलं. पांढरे केस कापलेले, काळा लांब कोट, पाठ अजून ताठ. सिस्टर, व्याख्यान तुमच्या ‘फा’वर होतं. म्हणे, संपूर्ण हस्तलिखितात मधल्या सप्तकातला फा एकदाही येत नाही. म्हणे, हा संन्यस्त स्त्रीचा उपवास आहे, एक सूर तिनं देवाला वाहिलाय. आणि म्हणून तिनं स्वतः लिहिलेल्या भागातही तो सूर टाळला होता. मी मोठ्यानं हसले. अख्खी रांग वळून बघायला लागली. सून म्हणाली, “आई, प्लीज यार!” आता काय सांगू तिला? उंदरांनी पेटीत घर केलं होतं आणि तो फा कायमचा मुका झाला होता. पेटी गप्प झाली की मुली सुरावरून घसरतात, म्हणून तुम्ही सगळं एकाच पट्टीत आणि तो सूर चुकवून बसवायचात. लाडकीला हे माहीत असायला हवं होतं. पण ती घरी पियानोवर शिकली, तिच्या पियानोत उंदीर नव्हते. आणि तुम्ही आजाऱ्यांच्या खोलीत पलंगावरून मला जो भाग सांगितलात, तिथे पेटीच नव्हती, तिथे फा आहे. सात वेळा. मी मोजलेत. पर्समधून वही काढून हात वर केला असता तर तिचा उपवास तिथेच सुटला असता. सांगते काय, बोटं चेनवर होती माझी.

मग स्तोत्र झालं. त्याबद्दल नंतर. संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. मी मागच्या मागे निघणार, तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

“अगं भात्या!” चारचौघांत, त्या हॉलमध्ये. मी चौसष्ट वर्षांची, कांजीवरम नेसलेली. “हसणारी तूच ना? मला वाटलंच. तेच हसू. काय चुकलं माझं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “खोकला होता.”

“खोटारडी.” तिनं माझा हात धरला, तिचे हात थंडगार होते. “घाबरले होते गं आज. मोठमोठ्यांची पुरी केली तेव्हा काही वाटलं नाही, ते काय ओरडणार आहेत? आज सारखं वाटत होतं, सिस्टर पेटी थांबवतील.” मग सुनेच्या हातातला कार्यक्रमाचा कागद घेऊन तिनं दाखवलं. “हे बघ, कुठल्या सुरापर्यंत त्यांचं आणि कुठून माझं, ते ठळक छापायला लावलंय. उद्या खरा शेवट सापडला तर माझा खुशाल फाडून टाकायचा. खरंच काही नाही तुझ्याकडे? एखादी चिठ्ठीसुद्धा?”

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “नाही.” सुनेनं तोंड उघडलं, मी तिच्या पायावर पाय दिला. घर आल्यावर ती म्हणाली, “इतका राग, आई? साठ वर्षांच्या वर वय झालं तुमचं.”

राग आहेच. आजही आहे, उद्याही राहील. तुमचा मुंबईचा प्रवास तिच्या वाट्याला आला, माझ्या वाट्याला तुमचे गुडघे. पण ‘नाही’ मी रागानं म्हटलं नाही. ती बिचारी कुठे तुमचं संपलं आणि कुठे तिचं सुरू झालं ते ठळक छापून मोकळी झाली, आणि ते वाचून मी पर्स काखेत घट्ट धरली.

दुपारची वेळ आहे, आजाऱ्यांच्या खोलीत फिनेलचा वास. तुम्हाला पेन्सिल धरवत नाही. तुम्ही हळू आवाजात सूर सांगता, मी लिहिते. ‘सो’ म्हणता आणि थांबता. मी वाट बघते. श्वास चालू आहे, डोळे मिटलेले. बाहेर लंगडीचा डाव चालू आहे. मी वाट बघते, खूप वेळ. मग मला पुढचं ऐकू येतं, आणि मी लिहिते. चार ओळी, आमेनपर्यंत. तुम्ही उठल्यावर वाचून दाखवणार होते, ओरडा खाणार होते. तुम्ही उठला नाहीत.

अक्षर एक, पेन्सिल एक, सांधा कुठेच दिसत नाही. वही दिली तर दोन मिनिटांत ती बोट ठेवून म्हणेल, हे सिस्टरचं नाही. किंवा म्हणणार नाही, आणि माझ्या चार ओळी तुमच्या नावानं गाजतील. यातलं मला कशाचं भय जास्त वाटतं, ते पन्नास वर्षांत ठरवता आलेलं नाही. म्हणून वही अजून उशाच्या कपाटात आहे आणि सून अजून घुश्शात.

हे पत्र कुठे टाकणार? फाडेन बहुतेक. पण तुमच्याखेरीज कोणाला सांगता येणार नाही म्हणून सांगते. त्या हॉलमध्ये तिचा शेवट चालू असताना मी ओठ मिटून माझ्या चार ओळी म्हणत होते. तिचा चांगलाच आहे, लोक रडले. मला माझा जास्त आवडला.