इंदूनं उघडलेला डबा

दुबलगुंडी, चैत्र वद्य चतुर्थी

चि. अच्युतास कुसुमअक्काचे पोटभर आशीर्वाद. तब्येत बरी आहे का? हैद्राबादेत वेळेवर जेवतोस का? दोन ओळी लिहायला कामून जड जायलंय तुला? लाजून बसलायस, मला ठाऊक हाय. (दाजींना मात्र अजून हसू आवरंना.)

इंदूच्या डोहाळजेवणाला आलास ते बरंच केलंस. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, अन् मामा न्हाई तर शोभा काय? पण येताना तुझ्या प्रयोगासाठी हुमनाबादहून कोंबडीच्या पोटातल्या दाणे दळायच्या पिशव्या बर्फात घालून आणल्यास, तेही आपल्या घरात! (हैद्राबादेत कोंबड्या संपल्या होत्या काय रे?) बरं, डबा ठेवलास कुठं, तर देवघरात. तिथं गार असतं अन् कुणी हात लावत न्हाई म्हणे. अरे शहाण्या, पेढ्याची एक अन् बर्फीची एक, अशा झाकलेल्या वाट्या तिथंच होत्या की. शेजारच्या चंद्रम्मानं भोळेपणानं तुझाही डबा फुलं वाहून ताटात मांडला, अन् मुलगा की मुलगी ते बघायला इंदूनं नेमका तोच उघडला. विहीणबाई नाकाला पदर लावून उठल्या त्या थेट बसथांब्यावर. तू मागच्या दारानं.

तू गेल्यावर सातवा सरायच्या आतच इंदूला कळा सुरू झाल्या. बीदरच्या डॉक्टरीणबाईंनी औषध देऊन थांबवल्या, पडून राहा म्हणाल्या. पण पोर एकच धरून बसली, की त्या डब्याचाच अपशकुन झाला. रडून रडून डोळे सुजले. मग तू दिवाळीत सांगितलेलं मला आठवलं. स्नायूत बारीक दोऱ्या असतात, एक दुसरीला ओढती म्हणून तो आवळतो. अन् तुझ्या प्रयोगातलं ते काल्डेस्मॉन नावाचं प्रथिन दोरीला चिकटून बसतं, वेळ येईस्तोवर ओढू देत न्हाई. कोंबडीच्या त्या पिशवीत ते भरपूर, अन् बाईच्या गर्भाशयातही असतंच म्हणालास. मी इंदूला म्हटलं, "अगं, मामाच्या डब्यात थांबवणारंच होतं. तू त्याला हात लावलास, आता बाळ दिवस भरल्याबिगर हलायचं न्हाई." तशी हसली, अन् गाढ झोपली. आता पोटावर हात ठेवून बाळाला मामाचं ऐक म्हणती.

तुझी,
कुसुमअक्का

ता. क. – इंदू तुला खरं-खोटं विचारणार. तेव्हा शास्त्र पाजळू नकोस. नुसतं व्हय म्हण.

आणखी ता. क. – इंदू झोपती रे, मलाच झोप न्हाई. तिच्या पोटाकडं बघत बसते. मला व्हय म्हणणारं इथं कुणी न्हाई. रजा काढून ये.