वर्षाच्या गालाचं पॅकेज

३ मार्च, अमरावती
ताईने वर्षाला त्या लेझरवाल्याकडे नेलंच. मलाही ओढलं. आधी तिथे बियाण्यांचं दुकान होतं. ते बसलं, आता कातडीचं पीक घेतात. जिल्ह्यासाठी मंत्री पॅकेज जाहीर करून राहिले, डॉक्टरही पॅकेजच म्हणतो. सुरकुत्यांचं वेगळं, खड्ड्यांचं वेगळं.
भाचीच्या गालावर लहानपणी उडालेल्या तेलाचा वण, बोराएवढा. इतकी वर्षं कुणाला खुपला नाही. अकोल्याचं स्थळ आलं आणि ताईला एकदम दिसू लागला.
डॉक्टर माझ्या कपाळाकडे बघून, "सर, तुमचंही करून टाकू."
म्हटलं, या आठ्या तुमच्यासारख्यांमुळेच पडल्या. राहू द्या.
वर्षा : "मामा, आई रोज रडून राहिली. त्यापेक्षा गाल भाजून घेतो."

११ मार्च
गाल सोललेल्या टमाट्यासारखा. उन्हात जाऊ नका म्हणे. मार्चात. अमरावतीत. शाळेत शिकवणाऱ्या मुलीला. डॉक्टर बहुधा हिमालयात शिकला.

२ एप्रिल
लाली गेली. वण गेला. जागी पांढरा ठिपका, चुन्यासारखा. डॉ. : "रंग येतो हळूहळू. कधी कधी येत नाही." हे दुसरं वाक्य पॅकेजात नव्हतं.

५ एप्रिल
शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. गाल बघून साखर न घेताच गेल्या. संध्याकाळी गल्लीभर एकच शब्द : कोड. पांढरं दिसलं की आमच्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. सोयरीक मोडायला दोन अक्षरं पुरतात.

९ एप्रिल
अकोल्याला पोचलं. मुलाची आई, जुन्या शहरात कापडदुकान, फोनवर ताईला : "आमाले काही नाही हो. पण उद्या लेकराले झालं तं? डॉक्टरची चिठ्ठी द्या, कोड नाही म्हणून."
ही 'आमाले काही नाही'वाली जमात सगळ्यात वाईट.

१० एप्रिल
चिठ्ठीसाठी मी गेलो.
"कोड नाही हे सांगतो ना मी."
लिहून द्या.
"मग पांढरं कशानं झालं, तेही लिहावं लागेल."
तेच तर लिहा, म्हटलं. त्याने खुर्ची फिरवली, पुढच्या बाईंना पॅकेज समजावू लागला.
ताईचा तोडगा : कातडीच्या रंगाची क्रीम थापायची. "दोन तास टिकते." विचारलं, संसार दोन तासांचा आहे का?
"तुले लिहायले बरं आहे. पोरगी माही आहे."


१५ एप्रिल
अकोल्याची मंडळी. मुलगा, सुनील. दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे, त्यापेक्षा मूर्तिजापूरचा रस्ता बरा. त्याला कुणी चिठ्ठी मागितली नाही.
वर्षा चहा घेऊन आली ती तोंड धुऊनच. ताईकडे न बघता त्याच्या आईला, "आधी तेलानं भाजला, मग लेझरनं. कोड नाही. आन् असतं तरी मी हेच असतो. चिठ्ठी भेटत नाही, मीच सांगून राहिलो."
बाईंनी चष्मा लावला. गालाला बोट लावायला गेल्या, मागे घेतलं.
सुनील : "आई, चहा घे." एवढंच. हिंमत की भित्रेपणा, कळलं नाही.
निघताना बाई : "कळवतो."
वर्षा : "आमीबी कळवतो."

१८ एप्रिल
सुनीलचा फोन, वर्षाच्या मोबाइलवर. ती गच्चीत गेली, अजून आली नाही. ताई जिन्यात कान लावून बसली आहे. मी खोलीत लिहितो आहे. पंखा बंद केला आहे.