पाण्याचा मुराळी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

धारूर घाटपायथा, दि. २२ मार्च १९८८

ती. सौ. नीलाक्का यांना धाकटी भावजय गंगासागर हिचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. पाणी टँकरचं. भांडी राखेनं पुसते अन् अंघोळीचं पाणी दारच्या बेलाला घालते. मामंजींनी सोसायटीतून बांधलेल्या बंधाऱ्यात पाण्याऐवजी कंबरभर गाळ हाय.

तुमचे भाऊ पाडव्याला मुराळी होऊन तुम्हाला माहेरी आणायला आले, ते तुमच्या घरात पाऊल न टाकता नदीवरूनच परतले. का म्हणून विचारलं तर उठून रानात जातात. भाकरीवर मन नाही. तुम्ही काही लागट बोललात का? तुमची जीभ लवंगी मिरची, हे मी जाणते. पण तुमचा राग मामंजींवर होता. बंधाऱ्यानं खालची नदी आटली, तेव्हा तुम्ही त्यांना बजावलंत, की आमच्या महादेवाच्या डोहात मासे पुन्हा कणीक खाईतोवर माहेरची ओटी घेणार नाही. मामंजी गेले, तरी शब्द सोडला नाहीत. मी दर पंचमीला तुमचा खण पेटीतून काढते अन् घडी बदलून परत ठेवते. एकाच खणात माझं किती वर्षं भागतंय, म्हणून हे हसतात.

उत्तर धाडा. लोभ आटू देऊ नका.
आपली गंगासागर

॥ श्री ॥

दिंद्रुडजवळची वाडी, दि. २ एप्रिल १९८८

चि. सौ. गंगासागर हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

मन्मथ माझा भाऊ असून मला भेटलाच नाही, तर बोलू कुणाला? देवळातल्या गुरवानं सांगितलं ते लिहिते. तो डोहाच्या काठी आला अन् धोतराच्या सोग्यातून कणकेच्या गोळ्या काढल्या. लहानपणी तो माझ्याकडं राहायला यायचा, तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन इथं मासे चारायला न्यायची, ते त्याच्या ध्यानात होतं. गोळी टाकली, ती भेगाळलेल्या चिखलावर टणकन उडाली. मुंग्या आल्या. तो लई वेळ बसला अन् गेला.

त्याच्यावर रागावू नकोस. बंधाऱ्याच्या भिंतीत अण्णांच्या नावाचा दगड आहे. फोड म्हणायला आता माझीही जीभ धजत नाही. बापाचं नाव मलाही प्यारंच.

पोरांना पापा. माया आहेच, ती असू दे.
तुझी नीलाक्का

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

धारूर घाटपायथा, दि. १४ मे १९८८

ती. सौ. नीलाक्कांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

बंधारा फुटला! तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. मग हे सोसायटीच्या सभेत चेअरमन म्हणून उभे राहिले अन् भिंत काढू म्हणाले. बंधाऱ्याकाठी रान असलेला धोंडीराम भडकला. आधी बापाचं नाव पुस, मग आमच्या विहिरी कोरड्या कर, म्हणाला. यांनी विचारलं, की या भिंतीनं दोन उन्हाळे तुला चिखलाशिवाय काय पाजलं? गाळ ज्याच्या त्याच्या रानात जाईल म्हटल्यावर तोच पहिली बैलगाडी घेऊन हजर. धोंड्याचा महिना लागायच्या आत कुंकू वाहून यांनी पहिली पहार मारली.

दगड मी वाया जाऊ देते होय? नदीला पायऱ्या करून घेतल्या. बंकट गवंड्यानं मामंजींच्या नावाचा दगड पालथा घालून धुण्याला बसवला. हे लालबुंद झाले. मी म्हटलं, मामंजींना जन्मभर धुतल्या धोतराचा सोस होता, आता रोज पाठीवर धुणंच धुणं. तेव्हा कुठं हसले.

आता पाऊस अन् महादेव. लोभ ठेवा, अन् ध्यानही.
गंगासागर

॥ श्री ॥

वाडी, दि. १० ऑगस्ट १९८८

चि. सौ. गंगासागर, अनेक आशीर्वाद.

आषाढभर तुमचा गाळच वाहत आला. माहेरानं चिखल धाडला म्हणून जाऊबाईंनी टोमणे मारले. मीही ऐकून घेतलं. आता पाणी निवळलं. काल कणकेची गोळी टाकली. पहिली बुडाली. दुसरी बुडाली. तिसरीला खालून बोटाएवढा मासा आला अन् ती तोंडात धरून पळाला. मी भर देवळात ओरडले. गुरव घाबरून बाहेर आला.

मन्मथला सांग, पंचमीला मुराळी म्हणून येऊ नकोस. यंदा मुराळी आधीच आला, पाण्याचा. मंगळवारच्या एसटीनं मी एकटी येते. धुण्याच्या त्या दगडावर अण्णांचं एक धोतर माझ्या हातानं धुवायचं आहे, जपून ठेवलं असशील तर. तू ठेवलं असशीलच.

नवा खण आणून खर्च करू नकोस. तोच घाल ओटीत. घड्यांवर विरला असला तरी चालेल.

तुझी नीलाक्का