नानांचा नवा ड्रायव्हर

३ फेब्रुवारी, मंगळवार
दिपेशचं डोकं फिरलंय! म्हणतो, "नानांना माझे गेम दे खेळायला. आवडले की मग माझं नाव सांग." हा बनवतो ते गेम म्हणजे चित्र नाही, आवाज नाही, नुसतं मराठीत लिहिलेलं. 'तू दारात उभा आहेस.' पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं. आमचे नाना ऑक्टोबरात रिटायर झाले तेव्हापासून बातम्यासुद्धा आवाज बंद करून बघतात. आणि मला स्थळ साताऱ्याकडचंच, हे त्यांचं पक्कं. उलव्याच्या आगऱ्यांचा मुलगा आवडलाय हे कुठल्या तोंडाने सांगू?

५ फेब्रुवारी
दिपेशची यादी आली. आधी 'किल्ल्याची चावी', सोपा आहे. मग 'बुडालेली होडी'. 'सातवा मजला' शेवटी, त्यात भलेभले अडकतात. नानांना म्हटलं, "ऑफिसातल्या एकाने सुचवलेत." त्यांनी चष्मा शोधला. एवढंच.

६ फेब्रुवारी
सुरू केला! नाना तीस वर्षं कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात फोनवर. खुर्चीत बसून ड्रायव्हरला थेट इंदूरपर्यंत रस्ता सांगायचे. इथेही तेच. गेम म्हणाला, 'तू दारात उभा आहेस.' नानांनी टाइप केलं – आधी टायर बघ.
'मला समजलं नाही.'
पाणी बघ.
'मला समजलं नाही.'
जेवलास का?
'मला समजलं नाही.'
"ड्रायव्हर नवा हाय," नाना आईला म्हणाले. "ह्येला काय बी येत न्हाय. गाडी द्यायची न्हाय."
फोन उपडा ठेवला. झालं, माझं लग्न गेलं खड्ड्यात!

८ फेब्रुवारी, रविवार
दिपेश उलट खूश! खेळणारे काय टाइप करतात ते सगळं त्याच्याकडे जातं म्हणे, त्यावरून तो गेम सुधारतो. "दोन दिवस दे," म्हणाला.

११ फेब्रुवारी
आता टायर बघता येतात. किल्ल्याच्या दारात टायर कुठून आले ते विचारू नये.
नानांनी विचारलं, जेवलास का? गेम म्हणाला, 'जेवलो, नाना.'
माझा चहा सांडला! नाना शांत. "सुधारलं पोरगं," एवढंच म्हणाले.
दिपेशला फोनवर झाडलं. त्यात 'नाना' कशाला घातलंस, गाढवा? म्हणे, "सवयीने."

१७ फेब्रुवारी
होडी संपली, नाना सातव्या मजल्यावर पोचले. जेवताना आईला सगळं सांगत होते – कंदील कुठे ठेवलाय, कुठल्या दाराला हात लावायचा नाही. चार महिन्यांत इतकं बोलले नव्हते. मला रडूच आलं. आज सांगून टाकायचं ठरवलं, तोंड उघडलं, तर म्हणाले, "थांब गं, त्यो लिफ्टमधी अडकलाय."

१९ फेब्रुवारी
दिपेश रडकुंडीला आलाय. "नाना आता खेळत नाहीत, चौकशी करतात." गाव कुठलं? घरी कोण कोण? दारू पितोस का? पगार वेळेवर होतो का?
"मग? तू उत्तरं दिलीस?"
"रोज नवी भरतो. त्यांना खोटं कसं सांगू?"
मी डोक्याला हात लावला. गाडी ताब्यात द्यायच्या आधी नाना प्रत्येक ड्रायव्हरला हेच विचारायचे. आता विचारतायत ते सवयीने, की – नको, विचारच नको.

२१ फेब्रुवारी, शनिवार
नानांनी आज गेममध्ये टाइप केलेलं दिपेशने मला जसंच्या तसं पाठवलं – 'उद्या आईबापाला घेऊन ये. जेवायलाच ये. सानपाडा स्टेशनला उतरलास की फोन कर. रस्ता मी सांगतो.'