साडूच्या नाकावर टिच्चून

३ जून
आजपासून ते व्हिडिओ बंद. कायमचे. संस्कार वगैरे काही नाही, साडूला धडा शिकवायचाय.

लॅपटॉप बिघडला म्हणून त्याच्याकडे दिला होता. कॉम्प्युटर दुरुस्ती हा त्याचा धंदा, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं हा छंद. शनिवारी परत देताना हळूच म्हणाला, हिस्टरी साफ केलीय, जरा जपून. वर उपदेश. मीही बघायचो, सोडलं, पुरुषाला फायदाच होतो, डोकं हलकं राहतं. आणि माझा खांदा थोपटला. माझ्याहून लहान आहे!

बायकोला त्यानेच सांगितलं असणार. काल सकाळी ती मला काहीतरी सांगत होती. मी फोनमध्ये होतो, हो म्हणालो. तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही. काही हवं असेल तर बोट दाखवते.

उट्टं काढणार.

४ जून
नेटवर पुष्कळ वाचलं. सोडणाऱ्याचा आवाज भारदस्त होतो, चेहऱ्यावर तेज येतं, मनगटात ताकद येते. साडूसारख्या काडीपैलवानाला एवढा फायदा झाला, तर मला किती होईल!

प्लॅन: १६ तारखेला सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमणार. तिथे सर्वांसमोर साडूशी पंजा लढवायचा. हात टेबलावर आपटायचा. मोडला तरी चालेल.

६ जून
तेज आलं. दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, तुमचे डोळे वेगळेच दिसतायत. मग म्हणाल्या, लाल झालेत, दाखवून घ्या. पुढचं वाक्य धरत नाही.

शाळा उघडायच्या आतच बायकोने रजा टाकलीय. शिक्षिका सहसा रजा घेत नाहीत. वकिलाकडे जात असणार. तेही साडूच्या खात्यावर.

८ जून
दुपारी एक बघितला. याला मोडणं म्हणत नाहीत. शत्रूचं बळ ओळखावं लागतं. दुसरा बघितला तो पहिल्याशी तुलना करायला.

११ जून
देव आहे! साडूचा नवा चष्मा आमच्याच दुकानात बनायला आलाय, आणि काचा बसवायचं काम माझं. डावी काच जरा फिरवून बसवली. चालताना जमीन वरखाली दिसेल. पायरी चुकेल. बस.

संध्याकाळी मालकांनी तपासला. बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, वीस वर्षं काय भाड खात होतास का. परत बसवून घेतला. याचाही हिशोब १६ तारखेला.

१४ जून
पुन्हा थोडंसं. टेन्शनमुळे. टेन्शन साडूमुळे. म्हणजे हे त्याचंच पाप.

१६ जून
लिहवत नाही, तरी लिहितो.

जेवणाआधी साडूला आव्हान दिलं. तो नको नको म्हणत होता. घाबरला असं वाटलं. हात धरला. सासऱ्यांनी सुरू म्हणायच्या आत माझा हात टेबलावर आडवा. मेव्हणी हसली.

डोकं फिरलं. ओरडलो, की हाच माणूस माझ्या लॅपटॉपची हिस्टरी बायकोला सांगतो, माझा संसार मोडतो, आणि मी तर ते घाणेरडे व्हिडिओ बघणं केव्हाच सोडलंय!

सासऱ्यांनी विचारलं, कसली हिस्टरी?

साडू खाली बघत म्हणाला, मी कुणाला काहीच बोललो नव्हतो.

मी म्हटलं, मग ही दोन आठवडे गप्प का? मेव्हणी म्हणाली, भाऊजी, तिच्या स्वरयंत्रावर गाठी आल्यात. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलंय, नाहीतर ऑपरेशन. मग शिकवणं सुटलं तर? तिने तुम्हाला सगळ्यात आधी सांगितलं. तुम्ही हो म्हणालात म्हणे.

बायको पानं वाढत होती. वाढतच राहिली. माझ्याही पानात वाढलं.

साडूने दारापर्यंत सोडलं. पुन्हा खांदा थोपटला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मुळात लॅपटॉप त्याने उघडलाच कशाला?

१८ जून
आता खरंच बंद. सूड म्हणून नाही, तिच्यासाठी. तिची सगळी सेवा मीच करणार.

दुपारी तिने हात पुढे करून माझा फोन मागितला. तिने पासवर्ड विचारला नाही. टाकला. तिला तो ठाऊक होता. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही. काहीही न उघडता तिने संध्याकाळच्या गुळण्यांचा गजर लावला, पाणी तापवायच्या भांड्याकडे बोट दाखवलं आणि फोन परत दिला. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, हे काम माझं.

गजर वाजला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. फोन घेऊन. नुसता स्कोर बघत होतो. मॅच कुठली ते आत्ता आठवत नाही.

बाहेर आलो तर तिने स्वतःच पाणी तापवून घेतलं होतं. माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही.

डॉक्टरांनीच मनाई केलीय म्हणा.