लाल पाण्याचा दोष

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, धंदा कापड रंगवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. बाकी शरीराची हमी देत नाही. कोणाचा दबाव नाही. हल्ली माझ्याशी कोणी भांडतसुद्धा नाही, सगळे गोड बोलतात, त्यावरून काय ते समजलो.

कारण लिहिणे भाग आहे. माझे डावे मूत्रपिंड दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे काढले. हा रोग पसरलाच तर रक्तावाटे फुफ्फुसात नाहीतर हाडात जातो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. माझा आधी त्या काढलेल्या मूत्रपिंडाच्या मागे उरलेल्या मूत्रवाहिनीच्या तुकड्यात आणि तिथून मूत्राशयात उतरला. "असं फार क्वचित दिसतं," म्हणत त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना माझ्या खाटेभोवती उभे केले. जन्मभर चारचौघांसारखा जगलो, दुर्मीळ ठरलो तो इथे. आता फुफ्फुसातही आहे. उपाय संपले.

कलम पहिले. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील ठेव पत्नीची. तिला कोणी घराबाहेर काढू नये, आणि "आमच्याकडे येऊन राहा" म्हणून तिच्या मागेही लागू नये.

कलम दुसरे. मी रंगवलेल्या नमुन्यांच्या कापडांची पेटी मुलीला. तिने या धंद्यात पडू नये. हातमोजे घालणाऱ्याला आम्ही हसायचो.

कलम तिसरे, कारखान्याचे. आमच्यातले जुने लोक सांगत, लाल रंगाचे काम चालू असले की रंगाऱ्याची लघवीही लाल होते, घाबरायचे नाही. पहिल्या वेळी पत्नीने बाथरूमच्या फरशीवर लाल पाहून विचारले होते, "अहो, हे रंगाचंच ना?"

मी म्हणालो, "रंगाऱ्याशी लग्न केलंस, मग फरशी पांढरी कशी राहील?"

ती रोज घासत राहिली. रोग कळला त्या दिवशी माझा धाकटा भाऊ सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "वहिनी, रोज घासताना डोळे कुठे होते तुमचे?" तेव्हापासून ती एकच धरून बसली आहे, "मीच माझ्या हातांनी धुऊन टाकलं." तिचे जेवण तुटले, झोप उडाली.

दुसऱ्या वेळी, रोग मूत्राशयात उतरला तेव्हा, तिने रक्ताचा पहिलाच थेंब ओळखला. दुपारच्या आत आम्ही दवाखाना गाठला, तरी हाती काही लागले नाही. हे तिला शंभरदा सांगितले. ती मान हलवते आणि पुन्हा फरशी घासायला जाते. माझ्यामागे ती अशीच खंगून जाणार, हे मला दिसते आहे आणि माझ्याने काही होत नाही.

म्हणून कारखाना भावाला मिळेल, पण एका अटीवर. जे लोक तेव्हा हजर होते, त्यांच्यासमोर त्याने तिला म्हणावे, "वहिनी, तुमचा दोष नव्हता. मी चुकलो." न म्हटल्यास कारखाना विकून पैसे मुलीला द्यावेत.

मुलगी म्हणते, "बाबा, कारखान्यासाठी काका काहीही म्हणतील."

ठाऊक आहे. मी मनापासून सांगितलेले पत्नीला पटले नाही. त्याने लोभापायी सांगितलेले तरी पटते का, बघा.

साक्षीदार: १. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे इस्त्रीवाले (सही)

लिहून ठेवणार: रंगारी, थोरला भाऊ (सही, वाकडी आली, पण माझीच)

स्थळ: राहते घर, खिडकीजवळची खाट
दिनांक: सात नोव्हेंबर