दादानं तुझंच नाव घेतलं

आई, तुझा आजही हेवा वाटतो. परवा दवाखान्यात दादाला विचारलं, तर त्यानं तुझंच नाव घेतलं. तुझ्या वेळी त्याला कुणी काही विचारत नसे. आता कायद्यानं मानसिक आजाराच्या पेशंटला आपला प्रतिनिधी स्वतः निवडता येतो. त्या माणसाला आजाराची, औषधांची माहिती द्यावी लागते, घरी सोडताना त्याच्याशी बोलावं लागतं. मागच्या खेपेला मला न सांगता गोळ्या बदलल्या आणि दादाची झोपच उडाली, म्हणून हे सगळं मीच विचारून काढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वतीनं कोण बोलेल?" मी पदर सावरून तयारच होते.

"आई," दादा म्हणाला.

"त्या आता नाहीत ना?"

"नाय कशी? घरी हाय की."

बाई मला हळूच म्हणाल्या, "त्यांनी कुणालाच नेमलं नाही, तरी नातेवाईक म्हणून तुम्हीच." म्हणजे उरलेली म्हणून मी.

दुष्काळात टँकर आला की पहिली घागर त्याच्या अंघोळीची असायची. अंगावर पाणी पडलं की तो शांत व्हायचा. मी ओल्या फडक्यानं तोंड पुसून शाळेत जायची. "त्याला लागतं गं, तू शहाणी हायेस," म्हणायचीस. ते शहाणपण मला नकोच होतं, घागर हवी होती. आता बिडकीनच्या रस्त्याला इमारतींवर इमारती उठल्यात, आपल्या गल्लीत मात्र अजून टँकरच येतो. पहिली घागर मी त्याच्यावर ओतते आणि "बस राजा, झालंच" हे तुझे शब्द म्हणते. एकदा माझेच शब्द म्हणून पाहिले, तर तो तसाच ओला उठून गेला. इतकी वर्षं मी करतेय, आणि नाव तुझं.

आज बाईंनी पुन्हा विचारलं. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ही."

"ही कोण तुमची?"

"आई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बहीण," मी सांगितलं, आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

तू असतीस तरी हे पत्र तुला दिलं नसतं, वाचून हसली असतीस. परत येताना रिक्षात त्यानं "आई" अशी हाक मारली. मी ओ दिली. मला बरं वाटलं.